भेगेवरची काच

५ जानेवारी, दुपार
वसतिगृहातल्या माझ्या खोलीच्या भिंतीतली भेग बुजवून द्या, असा अर्ज मागच्या सत्रात केला होता. आज विद्यापीठाचे इंजिनिअर आले. भेग बुजवली नाही. तिच्यावर आडवी काचेची पट्टी धरून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरली. भिंत हलली तर काच तडकेल, म्हणाले. विचारलं, मग? मग ही विंग रिकामी, तुम्ही सगळे जिमखान्याच्या हॉलमध्ये. आणि भेग? ती राहील, म्हणाले.
म्हणजे दाढ दुखते म्हणून गेलो आणि डॉक्टरांनी गालावर तारीख लिहून परत पाठवलं.

६ जानेवारी
रूममेट सामान घेऊन मावशीकडे राहायला गेला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. तो कुजबुजला तरी मेसपर्यंत ऐकू जातं. जाताना जिन्यातून ओरडला, तूही निघ, जिवापेक्षा रूम मोठी नाही. म्हटलं, तुझी नसेल.
घाबरट. चला, रूम एकट्याची! प्रबंध मार्चअखेर द्यायचा आहे. संकल्प: रोज दहा पानं. सोमवारपासून.

१९ जानेवारी
प्रबंधाचं शीर्षक बदललं. आता जास्त भारदस्त वाटतं.
काच तडकली आहे. मधोमध. टेंडरची खरेदी, दुसरं काय. शिवाय शेजारचा दार आपटतो. एवढ्यासाठी हॉलमध्ये घोरणाऱ्यांच्या कळपात झोपायचं आणि संशोधनाचा बळी द्यायचा? जमणार नाही.
वनस्पतीशास्त्राला असण्याचा हा एक फायदा. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्या लॅबमध्ये हव्या तेवढ्या. मापही जवळजवळ तेच. प्लास्टर शिल्पकलेच्या मित्राने दिलं. तारीख जुनीच कोरली. इंजिनिअरांचा पाचाचा आकडा जरा लंगडा आहे, तोही हुबेहूब जमला. यात खोटं काही नाही. तुटलेली वस्तू बदलली. याला मेंटेनन्स म्हणतात. विद्यापीठात तो कोणीतरी करायलाच हवा.

३० जानेवारी
इंजिनिअर येऊन गेले. चप्पल काढायला नको म्हणून दारातूनच पाहिलं. काच अखंड, तारीख जुनी. ‘हालचाल नाही’ अशी नोंद केली. खूश दिसले. मीही खूश. दोन खूश माणसं कार्यालयीन कामात प्रथमच समोरासमोर.

८ फेब्रुवारी
पट्टी पुन्हा गेली. लॅबच्या काचेचाही दर्जा घसरला आहे. दोन पट्ट्या एकावर एक चिकटवून जाड केली.
प्रबंध: पेन बदलायला हवं.

१२ फेब्रुवारी
स्थानिक पेपरात पहिल्या पानावर: ‘वसतिगृह कोसळणार?’ खाली फोटो पोस्ट ऑफिसचा. आत विद्यार्थ्यांची संख्या चुकीची, विंग चुकीची, कुलगुरूंचं आडनाव चुकीचं. एवढंच बरोबर की भेग आहे. हे भोंग्याचं काम. पेपरात फोन करून संपादकांना झाडलं. ते म्हणाले, मग तुम्हीच बोला ना.

१४ फेब्रुवारी
बोललो. ‘भेगेचा बाऊ! तिथेच राहणाऱ्या संशोधकाचा निर्वाळा.’ मला संशोधक म्हटलंय. फोटोत मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. आईचा फोन आला. फोटो छान आलाय, पण डोक्यामागे ते काळं काय लांबच लांब? म्हटलं, छपाईची शाई. आई म्हणाली, शाई माझ्या पेपरात आणि शेजारणीच्या पेपरात एकाच जागी कशी लागली? आईला छपाईतलं काही कळत नाही.

२५ फेब्रुवारी
भेगेत पूर्वी नख जायचं. आता पेन्सिल राहते. सोय झाली, टेबलावर पसारा नको.

३ मार्च
नोटीस बोर्ड: विंग सुरक्षित असल्याचा अहवाल आला आहे. प्रतीक्षायादीतल्या प्रथम वर्षाच्या मुलांना इथल्या सगळ्या रिकाम्या जागा. वरच्या मजल्यावर ग्रंथालयाची जुनी लोखंडी कपाटं, पुस्तकांसकट.
माझ्या रूममध्येही एक जण. तोही कोण, तर आतेभाऊ! आत्याने खास अर्ज करून ही रूम मागून घेतली. फोनवर म्हणाली, पेपरात वाचलं रे, तू आहेस म्हटल्यावर मला घोर नाही.
एकांत संपला. विद्यापीठाला संशोधनाची कदर नाही ती नाहीच.

९ मार्च
आतेभाऊ आला. गरीब स्वभावाचा आहे, सगळ्याला हो दादा म्हणतो. त्याला भोंग्याचा पलंग दिला, भेगेखालचा. माझा मी दाराजवळ ओढून घेतला. उजेडासाठी. त्याने विचारलं, दादा, उशीवर रोज माती कुठून येते? म्हटलं, जुनी इमारत, सवय होईल. हो दादा, म्हणाला.
वर कपाटं सरकवतात तेव्हा चहाच्या पृष्ठभागावर वर्तुळं उठतात. बघायला छान वाटतं. चहा घशाखाली उतरत नाही, पण तो मेसचा दोष.

१३ मार्च
दुसऱ्या विंगेत दोघांना बदली मागायला गेलो. कारण लिहिलं: अभ्यासास अपुरा उजेड. क्लार्क बाई म्हणाल्या, अहो, तुमचं कात्रण आम्ही काचेखाली लावलंय. पालक आले की दाखवतो. तुम्हीच हललात तर पोरं काय म्हणतील? भिंत हलेल म्हणतील! शेजारचे क्लार्क टेबल बडवून हसले.
बाहेर इंजिनिअर भेटले. सहज, केवळ तात्त्विक मुद्दा म्हणून विचारलं, समजा कोणी ती काच बदलली तर? ते बघतच राहिले. म्हणाले, स्वतःच्या डोक्यावरच्या भिंतीची काच? असा कोण शहाणा असेल? मी हसलो. तेही हसले. बराच वेळ हसलो.
सांगणारच होतो. पण त्यांचा मूड इतका चांगला होता.

१६ मार्च, सकाळ
जाड पट्टीही गेली. या वेळी तडकली नाही. प्लास्टरसकट सुटून आतेभावाच्या पांघरुणावर पडली. तो म्हणाला, दादा, हे काय? म्हटलं, सरकारी काम.
इंजिनिअरांना सांगायला गेलो. रजेवर. वॉर्डन सरांना सांगणार होतो, ते नव्या मुलांच्या पालकांना विंग दाखवत होते आणि मला बघून म्हणाले, हे बघा, हेच ते. सगळ्यांनी नमस्कार केला. अशा वेळी काय बोलणार? उद्या लेखी देईन. सविस्तर. आधी कच्चा मसुदा.

१६ मार्च, संध्याकाळ
मसुद्यात ‘माननीय महोदय’ इथवर आलो आहे.
दार अडकायला लागलं. खांदा लावावा लागतो. लाकूड फुगलं असणार, हवा कोरडी असली तरी. आतेभावाचा पलंगही दाराजवळ ओढला. गप्पांना बरं.
नवा संकल्प: व्यायाम. पहाटे धावायला जायचं. वेळ वाया नको म्हणून बूट घालूनच झोपायचं. आतेभावालाही घालायला लावले, नाडी नीट बांधून दिली.
तो म्हणाला, हो दादा. मग विचारलं, निघायचं किती वाजता?
म्हटलं, मी ओरडेन तेव्हा.