दातावरचा शेंदूर

वस्ताद,

मागच्या महिन्यात मी घरच्या अंगणात जीपचा डिफरन्शियल, मागची चाकं फिरवणारा दातेरी चाकांचा डबा, उघडला. तुम्ही देवाघरी जायच्याही आधीपासून मी क्राउन-पिनियनला हात लावला नव्हता. ट्रॅक्टरचे क्लच केले, पाण्याच्या मोटारी केल्या, पण मागच्या एक्सलचं काम आलं की कंबर धरली म्हणून सांगायचो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवायचो. लोकांना वाटायचं, याला जड काम नको. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही, आणि तेच आज लिहायला बसलो आहे. सातवीत शाळा सुटली, लिहायची सवय नाही. मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

जीप माझ्या मुलाची. चाळीसच्या पुढं गेली की मागून कुत्रं रडल्यासारखा आवाज यायचा. मेहकरच्या गॅरेजवाल्यानं जुन्या बाजारातला अख्खा एक्सल टाका म्हणून सांगितलं, आणि मुलगा तयारही झाला होता. मी म्हणालो, मी करतो. तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. हात थरथरतात, रात्री कडी लावली की नाही हे तीनदा उठून पाहतो, असा माणूस एक्सल उघडणार म्हटल्यावर कोणीही पाहील. पण मी मनात एक ठरवून ठेवलं होतं. हे काम नीट झालं, तर याच जीपनं साखरखेर्ड्याला, तुमच्या घरी वहिनींकडे जायचं आणि त्यांना खरं काय ते सांगायचं. बिघडलं तर जायचं नाही. अशी अट घालणारा माणूस कसा असतो ते तुम्हाला कळेलच.

मुलाला मी तुमच्याच शब्दांत समजावलं. मोठं दातेरी चाक म्हणजे क्राउन, त्याला फिरवतो तो पिनियन. दोघांचे दात एकमेकांत किती खोल बसतात, त्यावर सगळं अवलंबून. शेंदूर तेलात कालवायचा आणि क्राउनच्या चार दातांना पातळ लावायचा. पहिलं बोट तुम्ही बाकावरच्या व्हाइसला देवाला टिळा लावावा तसं लावायचे, तसं मीही लावलं. एका हातानं चाक अडवून धरायचं, दुसऱ्या हातानं पिनियन फिरवायचा. दात जिथं घासतात तिथला शेंदूर पुसून निशाण उमटतं. ते मधोमध आलं की काम झालं. बुडाशी आलं तर पिनियन जास्त आत बसला आहे. मग सगळं पुन्हा खोलायचं, बेअरिंग ओढून काढायची, तिच्यामागची कागदासारखी पातळ चकती, म्हणजे शिम, बदलायची आणि परत जुळवायचं. कितीही वेळा. मी कंटाळलो की तुम्ही म्हणायचे, "डोयानं पाह्य बे. अंदाज घरी बायकोच्या भाजीले ठेव."

आता तुमच्या वर्कशॉपातला तो जुना दिवस. जीप हिवरा आश्रमाकडच्या एका माणसाची आहे. लग्नसराई आहे, त्याला दुपारी गाडी पाहिजे. तुम्ही मला म्हणता, आज तू जुळव, मी शेवटी फक्त पाहतो. माझं वय सत्तावीस, लग्न झालेलं, चार वर्षं तुमच्या हाताखाली काढलेली. आज पास झालो तर वस्ताद मला एकट्याला कामं देतील, हे डोक्यात आहे. चार वेळा खोलून झालं. निशाण बुडाशीच येतं. पाचव्यांदा बेअरिंग काढताना पुलर घसरतो आणि बोटाची साल निघते. मालक दारात उभा राहून घड्याळ पाहतो. सहाव्यांदा मी शिम बदलतच नाही. दातांना शेंदूर लावतो आणि मधोमध अंगठ्यानं पुसतो. चार दात, चार वेळा. अंगठा पँटला पुसतो आणि तुम्हाला हाक मारतो.

तुम्ही येता. चष्मा लागून महिनाही झालेला नाही. तुम्ही वाकता, बॅटरीचा उजेड पाडता, चष्मा कपाळावर घेता, पुन्हा नाकावर आणता. "जमलं की बे," तुम्ही म्हणता, आणि पाठीवर थाप मारता. तेव्हा बोललो असतो तर एक शिवी खाऊन सुटलो असतो.

तिसऱ्या दिवशी पिनियनचे दात तुटले. तुकडा मध्ये अडकला, मागची चाकं जाम झाली आणि जीप रस्ता सोडून खड्ड्यात गेली. मालकाची आई मागं बसली होती. तिचा खुबा मोडला. म्हातारी जगली, पण पुन्हा स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही. मालक दोन भावांना घेऊन वर्कशॉपात आला आणि त्यानं आधी माझीच गचांडी धरली. तुम्ही मध्ये आलात. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. "त्याले सोड. निशाण म्या पाह्यलं, पास म्या केलं," तुम्ही म्हणालात. "चुकले ते माहे डोये."

मी तिथंच उभा होतो. हातात पाना होता, तो मी घट्ट धरून ठेवला होता. आज बोलतो, उद्या बोलतो, असं करत महिना गेला, मग वर्ष गेलं. तुम्ही पुन्हा एकही क्राउन जुळवला नाही. कोणी काम घेऊन आलं की चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, आता दिसत नाई बापा. ब्रेकची कामं करायचे, तीही मला दोनदा तपासायला लावून. मला! जालन्याला जाऊन डोळे दाखवून आलात. डॉक्टर म्हणाला, नंबर बरोबर आहे, डोळे चांगले आहेत. परत आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "डॉक्टरले काय समजते? त्यानं काय क्राउन पाह्यला होता?" आणि मी हसलो, वस्ताद. तुमच्यासमोर बसून हसलो. पुढं वर्कशॉप बंद झालं, तुम्ही ओट्यावर बसून राहायला लागलात आणि तिथूनच गेलात. तुमचे डोळे शेवटपर्यंत धड होते. तुम्ही जे पाहिलं ते निशाणच होतं, फक्त ते पिनियननं काढलेलं नव्हतं.

आता माझी पाळी आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा राहिला. एका डोळ्याला शेंदूर लाल दिसतो, दुसऱ्याला हळदीसारखा. मग मुलालाच पाहायला लावलं. तो म्हणाला, "मधातच हाये बाबा." मी म्हणालो, नीट पाह्य. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. तो खरं बोलतो आहे की कंटाळून बोलतो आहे, हे मला कसं कळणार? मी पुन्हा खोलायला लावलं. तीन दिवसांत आठ वेळा खोललं. शेवटी तो म्हणाला, "बाबा, इतके दात घासले तर याले कवळी बसवा लागन." सुनेला हसू आवरेना. मी मात्र जेवलो नाही. मग त्यानं मोबाइलवर दातांचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून माझ्या तोंडासमोर धरला. निशाण मधोमध होतं. पण एका दातावर चुकून माझं बोट लागलं होतं, आणि तिथं कातडीच्या रेघा उमटल्या होत्या, कागदावर अंगठा उठवल्यासारख्या. मी तो दात पुसला, पुन्हा शेंदूर लावला, पुन्हा पिनियन फिरवला. मुलाला कळेना, इतकं चांगलं आलेलं का पुसलं.

जीप जोडली आणि आम्ही निघालो. सुलतानपूर सुटल्यावर मी मान खाली घालून कान लावून बसलो. चाळीस झाले, पन्नास झाले, साठ झाले. काही ऐकू येत नव्हतं. मुलगा खूश होता. मी मात्र आवाजाचीच वाट पाहत होतो, कारण आवाज असता तर परत फिरता आलं असतं.

वहिनींना आता नीट दिसत नाही, पण आवाजावरून मला ओळखलं. नातीला चहा ठेवायला सांगितलं. माझ्या पोराची, सुनेची, गुडघ्यांची चौकशी केली. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पावसापाण्याचं बोललो. मग त्याच तुमच्या विषयावर आल्या. जीप मी स्वतः जुळवली हे मुलानं त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "त्याहिचा हातच होता तसा, भाऊजी. लोकं उगाच नावं ठेवत. तुमी तं संग होते. डोयेच गेले होते ना त्याहिचे?"

"हाव वहिनी," मी म्हणालो. "डोयेच गेले होते."

त्यांनी मान हलवली आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली. मी तो चहा प्यालो.

हे सगळं लिहून वहिनींच्या पत्त्यावर टाकावं, नात वाचून दाखवील, असं कालपासून मनात घोळत होतं. पाकीटही आणलं. पण टाकणार नाही. तुमच्यापासून मात्र आता एवढं लपवत नाही: वहिनींनी तसं विचारलं, तेव्हा मला वाईट नंतर वाटलं. आधी सुटल्यासारखं वाटलं.