क्लचचं मी बघतो

४ मार्च, बुधवार
गाडीच्या क्लचचं पेडल आज भर चौकात खाली गेलं ते वर आलंच नाही. चालवत ही होती, म्हणजे दोष कोणाचा ते उघड आहे. चपलेच्या टोकाने पेडल वर ओढत, पुन्हा दाबत कशीबशी घरी पोचली. मी शांतपणे विचारलं, क्लचवर पाय ठेवून झोपतेस का? काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

वेळ वाईट आहे. सोमवारी, सोळाला, हिला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. तीन तासांवरच्या गावात मुलींचं हॉस्टेल, ही वॉर्डन, राहायला खोली. शेवटच्या टप्प्याला बस नाही, म्हणून गाडी लागणार. या वयात वॉर्डन! दुसऱ्या कोणी अर्जच केला नसणार. तसं मी बोलूनही दाखवलं, पण प्रेमाने. मी बायकोच्या आड येणाऱ्यातला नव्हे. दर शनिवारी घरी येणार आहे. बाकीच्या दिवशी माझ्या जेवणाचं काय, यावर तिने अजून विचार केलेला दिसत नाही.

मेकॅनिकला बोलावते म्हणाली. मी म्हटलं, क्लचचं मी बघतो. अठ्ठावीस वर्षं स्टोअर्स डिपार्टमेंटला काढली आहेत. पार्ट नुसता हातात घेतला तरी माझ्याशी बोलतो.

संकल्प: रविवारी गाडी तयार.

५ मार्च
निदान. हा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. पेडलपाशी एक सिलिंडर, खाली गिअरबॉक्सपाशी दुसरा, मधे नळी. बॉनेटखालच्या डबीतलं तेल तळाला गेलंय, म्हणजे कुठेतरी गळतंय. दोन्हीपैकी कुठे, एवढाच प्रश्न. गाडीखाली पुठ्ठा सरकवला. रात्रभरात एक थेंब! गिअरबॉक्सच्या बाजूला! खालचा सिलिंडर गेला. केस संपली.

ही मधेच म्हणाली, तो थेंब काळा आहे, इंजिन ऑइलचा असेल, क्लचचं तेल काळं नसतं. वर पेडलखालची मॅटही ओली लागते म्हणे, वास घेऊन बघा. मी म्हटलं, तुझी पाण्याची बाटली सांडली असेल, सांडणं हा तुझा स्वभाव आहे. मॅट धुऊन वाळत टाकायला सांगितली. धुतली बिचारीने. वास गेला.

७ मार्च, शनिवार
खालचा सिलिंडर आणला. नवा कोरा. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, वरचा तपासला का? असल्या माणसांना दोन पार्ट विकायचे असतात. मी नुसता हसलो.

८ मार्च, रविवार
सिलिंडर बसवला. दोन बोल्ट उरले. जास्तीचे असावेत.

मग नळीतली हवा काढणे. याला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली पडून सिलिंडरवरचं हवेचं निपल उघडायचं, हवा बाहेर काढायची. मी खाली, ही वर. दुपारभर मी ओरडतोय, दाब, धर, सोड, आणि पेडल आपलं लोण्यासारखं मऊ. ही म्हणते, आधी निपल बंद करा, मग मला सोडायला सांगा, नाहीतर हवा परत आत जाते. व्हिडिओत बघितलं म्हणे. गाडीखाली मी, ऑर्डर सोडणार ही! मी सांगितलं, तुझ्या पायात दमच नाही, हॉस्टेल काय चालवणार तू?

संध्याकाळी हिचा गुडघा टम्म सुजला. शेकायला पाणी तिचं तिने गरम केलं. माझीही पाठ धरली आहे, पण मी बोलून दाखवत नाही. दोनदाच बोललो.

१० मार्च
क्लचचं तेल संपलं. दुकान लांब. घरात इंजिन ऑइलचा अर्धा डबा पडून होता. शेवटी तेल ते तेल. ओतलं.

पेडल लगेच घट्ट! बघा! हिला बाहेर बोलावलं. ही डब्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पटलं असणार.

१२ मार्च, गुरुवार
पेडल आता इतकं घट्ट आहे की हलत नाही. रबरी सीलं फुगली असतील असं हिचं मत. असेल. पार्ट हल्ली बोगस येतात.

आता सोमवार काही जमत नाही, हे कालच कळलं. मनाला फार लागलं. खोटं कशाला लिहू, रात्री झोप मात्र गाढ लागली. सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात हिची भांड्यांची खुडबुड चालू होती. बरं वाटलं. वाटलं, असंच चालू राहावं की.

दुपारी ही बाहेर गेल्यावर हॉस्टेलला मीच फोन लावला. सांगितलं, हिची तब्येत बरी नाही, या वयात झेपेलसं वाटत नाही, तुम्ही दुसरं कोणी बघा. गोड बोललो. हिने केला असता तर रडत बसली असती. मी तो त्रास वाचवला. हिला सावकाश सांगेन.

१३ मार्च
सांगावं लागलं नाही. हॉस्टेलच्या बाईंनी हिलाच फोन करून तब्येत विचारली. ही फोनवर हसून म्हणाली, मी ठणठणीत आहे, सोमवारी येते. फोन ठेवला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी हिच्या ओरडण्याची वाट बघत होतो, उत्तरं तयार होती. हिने आत जाऊन भावाला फोन केला.

चला, मनातलं निघून गेलं.

१४ मार्च, शनिवार
मेहुणा आला. धंद्याने दातांचा डॉक्टर, गाडीचं त्याला काय कळणार? पण दवाखान्यातला तो दांडीचा छोटा आरसा घेऊन आलेला. पेडलच्या वर आरसा धरला आणि मला म्हणाला, भावोजी, आ करा म्हणायची गरज नाही, इथूनच दिसतंय. वरचा सिलिंडर पाझरत होता. खालच्याची सीलंही इंजिन ऑइलने फुगलेली. मला ही शंका होतीच. कोणी विचारलं नाही.

दोघा भावंडांनी दोन्ही सिलिंडर बदलले, नळी धुतली. उरलेले माझे दोन बोल्टही कुठेतरी लावून टाकले. मग हवा काढायची. मेहुणा बॉनेटपाशी, डबीत तेल ओतायला. निपलपाशी ही स्वतः आडवी झाली, सुजलेल्या गुडघ्यासकट. आता पेडल कोण दाबणार? दोघांनी माझ्याकडे पाहिलं. गरज पडली ना शेवटी!

बसलो. खालून हिचा आवाज, दाबा. दाबलं. धरून ठेवा. धरलं. आता सोडा. सोडलं. एकदाही चुकलो नाही. इतक्या वर्षांत हिने मला कधी असं काही करायला सांगितलं नव्हतं. बरं वाटत होतं, संपू नये असं वाटत होतं. हळूहळू पायाखाली पेडल भरत गेलं. गिअर टाकला. सुळकन पडला!

पायात दम लागतो तो हा. गाडी अखेर मी चालू केली. मेहुण्याला तसं म्हटलं. तो हात धुवायला गेला.

१५ मार्च, रविवार
ही निघाली. उद्या लवकर हजर व्हायचं म्हणून आजच. गाडीत दोन बॅगा, शिलाई मशीन, वडिलांचा फोटो, थंडीचे कपडे. मार्चमध्ये! बायकांना सामान आवरत नाही. तसं नव्या क्लचवर वजन टाकून बघितलेलं चांगलंच.

गाडीची दुसरी चावी मागितली. दिली. येत्या शनिवारी येताना माझी पाठीची गोळी आण म्हटलं. हिने काच वर केली. पहिला गिअर पडला, गाडी जराही धक्का न खाता वळली. अभिमान वाटला.

२१ मार्च, शनिवार
आली नाही. पहिलाच आठवडा, असतं काम. फोन केला. क्लच कसा आहे? उत्तम आहे म्हणाली. पेडल खाली जात नाही ना? नाही म्हणाली. मग कधी येतेस, विचारलं. काही बोलली नाही.

मीच फोन ठेवला.

२८ मार्च, शनिवार
मेहुणा येऊन गेला. आरसा न्यायला आला होता, जाताना हिची बाकीची कपाटंही रिकामी केली. ताई आता येणार नाही म्हणाला. क्लचचं तिने पोटात घातलं असतं, तो फोन नाही. मी समजावून सांगितलं, की तो फोन तिच्याच भल्यासाठी होता. तो ऐकत होता, हातातल्या साड्यांची घडी घालत.

घरात फार शांत आहे. मला हे आवडत नाही.

संध्याकाळी अंगणात गेलो. गाडीच्या जागी पुठ्ठा अजून तसाच आहे. नवा अंथरला होता, हिच्या जायच्या आदल्या दिवशी. वाकून पाहिला, हात फिरवला. कोरडा. एक थेंब नाही. गळती कायमची थांबली.

काम पक्कं झालंय. पेडल मीच दाबलं होतं.