नेबो शब्दावरची चांदणी

बंगळूर,
१२ ऑगस्ट १९६३

अप्पासाहेबांस नमस्कार. येलहंक्याला सगळे बरे असतील. इथं मी बरा आहे असं समजा.

"एवढी वर्षं केलंत तरी काय?" असं विचारलंत. सांगतो. मोडक्या खोक्यांच्या फळ्यांचं कपाट केलं, एकही खिळा न ठोकता. माझ्या शब्दांच्या पुस्तकासाठी बुटांच्या डब्यांची कार्डं कापली. टाइपरायटरवर नसलेली स्लाव्ह अक्षरं कानशीनं घासून बसवली. आणि चांदणीची एक कळ केली. भांडण तिच्यावरूनच आहे.

पुन्हा सांगतो, स्वल्प शांतपणे वाचा. रशियन, पोलिश, सर्बियन या स्लाव्ह भाषा सख्ख्या बहिणी. त्यांच्या आईच्या हातचं एक अक्षरही सापडलेलं नाही. लेकींच्या तोंडावळ्यावरून तिचा एकेक शब्द उभा करावा लागतो. आभाळाला ती 'नेबो' म्हणत असावी, 'आभाळाचं' म्हणताना 'नेबेसे'. शेजारी आपलं नभस्, नभसः ठेवून बघा, अंगावर काटा येतो! पण 'असावी' ते 'असावी'च. म्हणून शब्दाच्या डोक्यावर चांदणी. म्हणजे, हा बांधलेला आहे, कुणी लिहिलेला पाहिलेला नाही.

तर तुम्ही धाडलेले ते प्रकाशक, खंडोजीराव, माझ्याच खुर्चीत बसून म्हणतात, "अण्णा, ती चांदणी-बिंदणी काढून टाका. आणि लिहा, शब्द संस्कृतातून तिकडं गेला." अहो, गेला नाही! संस्कृत आणि ती आई, दोघी एका कुळातल्या. मावशीला आई म्हणून छापायचं? "सरी, असेल तसं, पण लोकांना बरं वाटतं की," म्हणे.

रत्ना दारातून बोलली, "तुमची चांदणी तिथंच राहू दे. आमच्या छपरातून खऱ्या दिसतात." मी म्हणालो, छप्परही मीच शाकारीन. यात रागावण्यासारखं काय? तरी ट्रंक उचलून तुमची बहीण तुमच्याकडं.

माझं काही विचारते का? राहू दे, तुम्ही विचारू नका. तिचा चष्मा इथंच राहिलाय. वाकलेली काडी मी सरळ केली. टपालानं धाडणार नाही, काचा फुटतात. न्यायला तिनंच यावं.

खंडोजीरावांना 'हो' कळवू का, असं लिहिलंत. कळवू नका. आणि एक. त्यांनी आकडा तुम्हांलाही सांगितलेला दिसत नाही. रत्नाला वाटतं, तीनशेवर पाणी सोडलं. मीच तसं वाटू दिलं. शब्दांवर चांदणी देणाऱ्याला हे शोभत नाही, म्हणून हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मग ती काय म्हणते ते मला जसंच्या तसं कळवा.

चांदण्या काढून, ती एक ओळ घालून, पुस्तकाचे कायमचे हक्क: तीन हजार रुपये, अर्धे आगाऊ. मी नाही म्हणालो.

सयाजी