पाहुण्याची खुर्ची

२ मे २०२५, चोपडा

आले एकदाची. एरंडोलहून धरणगावमार्गे एसटी, आणि तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच केळी. खोली केवलचंद शेठजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे. भट्टीसारखी तापते, पण खिडकीतून सातपुडा दिसतो म्हणून तिला माफ. शेठजींची सून चेलना माझ्याच वयाची. तिने कूलरमध्ये पाणी भरून ठेवलं होतं, वर ताकाचा तांब्या. बाई लगेच पटली मला.

उद्यापासून काम. लॅबमध्ये केळीचे कोंब काचेच्या बरण्यांत वाढवतात. हातात चिमटा आणि ब्लेड, तोंडाला मास्क, बोलायला बंदी. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच. पण कानात काही ऐकलं तर प्रेमराज सरांची हरकत नाही. शिवाय जूनमध्ये इंग्लंडचे पाहुणे लॅब बघायला येणार आहेत, त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलंय.

आईला फोन केला. काचबिंदूने तिची नजर जाऊन सहा वर्षं झाली. एरंडोलला घरात एकटी असते, पण आमच्या मातोश्री भिकुबाईंचा रुबाब कमी नाही. दार वाजलं की ती आतून तीनदा विचारते, कोन शे? तिन्ही वेळा ओळखीचा आवाज आला तरच कडी निघते. न बोलता दार वाजवणाऱ्याला ती कधीच उघडत नाही. जे बोलत नाही ते माणूस नव्हे, असं तिला तिच्या आईने शिकवलंय. पोटच्या पोरीलाही सूट नाही. आज तर फोनवरसुद्धा तीनदा म्हणायला लावलं, मी शे माय, दीपा.

४ मे

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला सापडला. आधीची भाडेकरू किरण इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची, तिचं टपोरं अक्षर. इंग्लंडमधल्या गप्पांच्या आणि मुलाखतींच्या पॉडकास्टची यादी आहे, प्रत्येकापुढे शेरा. दिवसभर तेच ऐकतेय. एकात दोन म्हातारे प्राध्यापक मेलेल्या राजांच्या कुटाळक्या करतात आणि मध्येच चहा ओततात, तो ओतल्याचासुद्धा आवाज येतो. एकात एक बाई रोज साध्या माणसाला बोलतं करते. काल होडीवाला, आज घड्याळं दुरुस्त करणारा. त्याला तिने विचारलं की स्वतःच्या घरात किती घड्याळं आहेत. तो म्हणाला, एकही नाही. मी एकटीच खोखो हसले.

यादीतलं शेवटचं नाव, मराठीत सांगायचं तर, ‘पाहुण्याची खुर्ची’. त्यापुढे पेन्सिलीने बारीक लिहिलंय : ऐक, पण मध्ये काही बोलू नकोस. मास्तरीणबाईंची वर्गातली सवय कागदावरही सुटली नाही.

७ मे

‘पाहुण्याची खुर्ची’ बाकी सगळ्यांपेक्षा सरस. एक गृहस्थ, वयस्कर असावा, नाव सांगत नाही. आवाज मऊ, शब्द सुटे सुटे, मला अगदी सगळं समजतं. पाहुणा बहुतेक वेळा गप्पच असतो. हा दोन वाक्यं बोलतो आणि थांबतो. पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा थांबतो.

त्या थांबण्यात माझ्या तोंडून आपोआप ‘हं’ निघतो. शेंगा फोडताना आई गोष्ट सांगायची आणि आम्ही हुंकारा द्यायचो. हुंकारा चुकला की गोष्ट बंद. नजर गेल्यापासून तर ती आमच्या हुंकाऱ्यावरच चालते, समोर कोणी जागं आहे की नाही ते तिला त्यावरूनच कळतं. आज मास्कच्या आत मी दिवसभर त्या साहेबाला हुंकारे देत होते. शेजारच्या टेबलावरची भागाबाई डोळ्यांनी हसत होती.

१० मे

आज गंमत झाली. त्याने विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? आणि थांबला. पाहुणा काही बोलेना. म्हटलं, चला, जूनची तालीम होईल. खोलीत होते, इंग्रजीत ठोकून दिलं. आई असते, एकटी, दिसत नाही. त्याने विचारलं, मग ती दार कसं उघडते? मी तीनदा विचारण्याची सगळी कथा सांगितली, ‘मी शे माय, दीपा’ म्हणूनही दाखवलं. तो समाधानाने ‘हं’ म्हणाला.

ताट घासताना लक्षात आलं. तो हुंकारा आमच्या घरचा होता. नाकातून सुरू होऊन शेवटी वर जाणारा. इंग्रज माणूस असा हुंकारा कुठे शिकला?

१३ मे

आई फोनवर खुशीत होती. म्हणाली, आज दुपारी किती निवांत बोललीस. मी दुपारी फोन केला नव्हता. मास्क लावून बरण्यांसमोर बसले होते. म्हटलं, स्वप्न पडलं असेल. ती चिडली. मी तिला विचारलं होतं म्हणे, दुपारी आळीत कोण असतं, शेजारचे उखर्डू नाना घरी कधी येतात.

घसा बसलाय. चेलनाने हळद-दूध दिलं.

१५ मे

आवाज अर्धा उरलाय. डॉक्टर म्हणाले, घशात काहीही नाही.

चेलनाला किरणबद्दल विचारलं. म्हणाली, मार्चमध्ये ती वर्गात उभी राहिली आणि तोंडातून शब्दच निघेना. घरचे धुळ्याला घेऊन गेले. आता बरी असावी, परवाच फोन आला होता, छान बोलली. आई गेली, वडील गेले, सगळं सांगितलं. चेलनाला एकच गोष्ट खटकली, आवाज फार आनंदी होता.

मी पॉडकास्ट फोनमधून काढून टाकला.

१७ मे

तो परत आलाय. मी घेतला नाही, तरी नवा भाग आलेला. लॅबमध्ये आपोआप सुरू झाला.

आज पाहुणा बोलत होता. पाहुणी. माझा आवाज. मला कधी जमणार नाही असं सफाईदार इंग्रजी. त्याने विचारलं, आता कुठे जाणार? ती हसली, माझं हसू हसली, आणि अहिराणीत म्हणाली, माय ना घर.

बरणी हातातून सुटली. सर ओरडले. मला ‘चुकलं’ म्हणायचं होतं. नुसती हवा आली.

१८ मे, रविवार

आवाज नाही. खोकल्याचासुद्धा नाही.

आईला फोन लावला. ती तीनदा म्हणाली, कोन शे? मी फोनवर नखं आपटली. तिने ठेवून दिला. नंतर सारखा एंगेज.

चेलनाला लिहून दाखवलं. तिने बिचारीने लगेच आईला फोन केला, सावध राहा म्हणून सांगितलं. आई म्हणाली, काळजी नको, दीपाच उद्या दुपारी येतेय, आत्ताच बोलले तिच्याशी. चेलना सोबत येते म्हणाली, पण शेठजींनी तिला सोडलं नाही. उद्या पहिली गाडी.

१९ मे

पहिली गाडी आलीच नाही. दुसरी धरणगावच्या अलीकडे बंद पडली. रस्त्यावर उभी आहे. ऊन. कोणाला काही सांगता येत नाही. लिहिते तेवढंच बोलणं. आई, उघडू नकोस. उघडू नकोस.

१९ मे, दुपारी, एरंडोल

आमच्या ओट्यावर बसलेय. आळीत चिटपाखरू नाही, सगळे पद्मालयला लग्नाला गेलेत. नानांच्या दाराला कुलूप. आमचं दार आतून बंद.

आत आई बोलतेय. आणि मी बोलतेय.

दार वाजवलं. आईने विचारलं, कोन शे?

पुन्हा वाजवलं. कोन शे?

दगड घेतला. दगडाने दार ठोकलं. आईने तिसऱ्यांदा विचारलं, आवाज घाबरलेला. मी तोंड उघडलं — काही नाही —

आतून माझ्याच आवाजाने उत्तर दिलं, कोनी नही माय, वारा शे.

आईने वरचीही कडी घातली.

चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवू? तिला दिसत नाही. तिला दिसत नाही.

तो आवाज आता गोष्ट सांगतोय. दोन वाक्यं, आणि थांबतो. आई ‘हं’ म्हणते. दोन वाक्यं. हं.

नको देऊस माय. हुंकारा नको देऊस —

दगड फुटला. दार तसंच. बोटातून रक्त.

हं.

प्रत्येक हं आधीच्यापेक्षा बारीक.

हं

आता ऐकू येत नाही. गोष्ट थांबली. कोणीतरी चालतंय. ही आईची पावलं नाहीत, आई भिंत चाचपत येते. हे सरळ येतंय.

दाराच्या अगदी मागून आईचा आवाज. गोड. ये ना पोरी, किती उन्हात बसशील, मी दार उघडस.

तिने विचारलं नाही, कोन शे. एकदाही नाही.

वरची कडी निघाली. खालची —