पऱ्हाटीच्या सालीने अडलेली काडीमोड

प्रति,
डिप्टी कमिशनर साहेब बहादूर,
जिल्हा कचेरी, अमरावती

विषय : मयत मैनाबाई हिची काडीमोड पुरी झाल्याचे ठरवून तिच्या अस्थी मुलीच्या हवाली करण्याबाबत.

संदर्भ : आमच्या गावच्या जातपंचांचा निवाडा, मार्गशीर्ष शके १७८६.

महोदय,

१. गेल्या मंगळवारी माझी आई मैनाबाई अंगणात सरकी काढीत बसली होती. मधेच म्हणाली, "मनकर्णे, पंच आता कई बसतीन वं?" मी म्हटले, ज्वारी आल्यावर. "मंग तवरोक मले जगाच लागते," म्हणून हसली. दुसऱ्या दिवशी पटकीने गेली.

२. आमच्या जातीत नवऱ्याने पंचांसमोर कडब्याची काडी मोडली की बायको मोकळी होते. कापसाला भाव येताच आईचा नवरा नत्थुजी याने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसविल्या, दुसरी बायको आणली आणि आईला मारून नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढले. आईने स्वतः काडीमोड मागितली. पंच बसले, पण गावात काडी मिळेना. सगळ्यांनी कापूसच पेरलेला. नत्थुजी म्हणाला, "आता ज्वारी पेरते कोन? हे घ्या पऱ्हाटी!" त्याने कापसाच्या झाडाची ती ओली काडी मोडली. आतले लाकूड तुटले, साल तुटली नाही. पंच पुंजाराम म्हणाले, "साल धरून आहे, तं संसारही धरून आहे. नवी ज्वारी येऊ द्या." नत्थुजी ओरडला, "मी तं सोडली, तुमीच चिकटवून राहिले!" पंच हसले. निवाडा तोच राहिला.

३. अमरावतीचे वकील मुनव्वर अली यांनी सर्व ऐकून घेतले. ते म्हणाले, "बेटी, मारहाण, टाकून देणे आणि त्याच्याच तोंडची कबुली, कारणे भक्कम आहेत. मगर कचेरी जातीचा रिवाज विचारते, आणि रिवाज त्या सालीत अडकला." हुजुरांनी परवानगी दिल्यास ते माझ्या बाजूने उभे राहण्यास तयार आहेत.

४. आई गेल्याचे कळताच जिवंतपणी तिच्या दाराकडे न फिरकलेला नत्थुजी हिरवे लुगडे घेऊन आला. त्याने मेलेल्या कपाळावर कुंकू भरले आणि "माही लक्ष्मी अहेव गेली" म्हणून रडला. लोक त्याला धीर देत होते. अस्थींचे गाडगे आता त्याच्या दारच्या निंबाला टांगले आहे. परवा तो चांदीच्या शेंब्यांच्या बैलांची गाडी जुंपून, नवरा म्हणून, अस्थी कौंडण्यपूरला नदीत सोडायला नेणार आहे. त्यापूर्वी हुकूम व्हावा.

५. ती पऱ्हाटीची काडी आईने छपराला खोचून ठेवली होती. आता वाळली आहे. काल ओढून पाहिली, तर साल तुटली. दोन्ही तुकडे सोबत जोडले आहेत. पंचांना अजूनही ज्वारीच हवी असल्यास ती आईच्या चितेवर उगवणार नाही.

६. जे मी आईला तिच्या हयातीत कधी म्हटले नाही, ते काल त्या निंबाखाली उभी राहून नत्थुजीदेखत मोठ्याने म्हटले. कचेरीतही शपथेवर म्हणेन : "माय, तू कवाच सुटली होती."

हुजुरांच्या हुकुमाच्या वाटेकडे डोळे लावलेली,
मनकर्णा मैनाबाई
(सही स्वतःच्या हातची)
माघ वद्य, शके १७८६

सोबत : पऱ्हाटीचे दोन तुकडे.