दारातला हात

भिसेगाव, कर्जत
२ मार्च २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं. पत्रात तरी तुम्ही मला मध्येच तोडणार नाही.

जिल्हा परिषदेची नोकरी सोडून खालापूरजवळच्या वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळेत पहिलीला शिकवायचं मी ठरवलंय. इतकी वर्षं मे महिन्यात त्या पद्धतीचीच शिबिरं करत होते, हवापालटाला जात नव्हते! आमच्या शाळेत तक्ते भरता भरता मला पोरांचे चेहरे दिसेनासे झाले. त्या शाळेत एकच बाई पहिलीपासून आठवीपर्यंत त्याच मुलांबरोबर राहते. निजण्याआधी एकेक मूल मनात आणायचं, तुम्ही विहारात मैत्रीभावना करता ना, तसंच. बाबा, कोरडं झालेलं मन पुन्हा थाऱ्यावर आलंय.

राजीनामा लिहून ठेवलाय. तुमच्या होकाराशिवाय देणार नाही.

तुमच्या मायेची,
हर्षला

मोहोपाडा
७ मार्च

चि. हर्षलास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

त्या शाळेत म्हणे सहा-सात वर्षांची होईपर्यंत मुलांना अक्षर दाखवत नाहीत, गोष्टी सांगतात आणि मातीत खेळवतात. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं आहेत त्यांना ते परवडतं. आपल्याला अक्षर भांडून मिळालंय. रसायनीच्या कारखान्यात ॲसिडच्या वासात मी जन्म काढला तो तुझ्या डी.एड.साठी. माझा होकार नाही.

तुझी आई म्हणते, पोरगी वंगाळ काय करत नाय, एकदा जाऊन तरी बघा. तिला काय, लेक म्हणेल ती पूर्व!

गुडघ्याला तेल लावत जा. कैऱ्या पाठवतोय.

तुझा बाप,
श्रीपत

भिसेगाव
११ मार्च

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

तुमचं म्हणणं खोटं नाही. मीही तिथे तेच विचारलं. पहिलीत अक्षरं येतात, आधी चित्रातून, मग पाटीवर. वस्तीतल्या मुलांना फी न घेता प्रवेश द्यायचा, ही माझी अट त्यांनी मानलीय; गजा तर आत्तापासूनच येऊ लागलाय. पुढच्या आठवड्यात रजा काढून मी तिथला पहिलीचा वर्ग सांभाळणार आहे. सोमवारी सकाळी या. आईचं एवढं ऐकाच.

कैऱ्यांचं लोणचं घातलंय. राग ओसरला की न्यायला या.

हर्षला

मोहोपाडा
१९ मार्च

चि. हर्षलास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

काल तुझ्याशी न बोलता निघून आलो, मनाला लावून घेऊ नकोस. बोललो असतो तर पोरांसमोर रडलो असतो.

तू काय शिकवलंस ते मी नीट पाहिलंच नाही. माझं लक्ष दारातच अडकलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पोराचा हात हातात घेऊन, नाव घेऊन तू त्याला आत सोडत होतीस. वस्तीतला तो गजा चिखलाचे हात पाठीमागे लपवत होता, तर तू वाकून तोच हात धरलास.

आमचे मास्तर माझी पाटी लांबूनच तपासायचे. मी ती जमिनीवर ठेवून मागे सरायचं, मग ते छडीने ओढून घ्यायचे. अक्षर त्यांनी दिलं, ते उपकार आहेतच. पण सातवीपर्यंत माझा हात कुणी धरला नाही. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

काल रांगेत शेवटी मी होतो. तू माझाही हात तसाच धरलास. तुला ती बापाची केलेली गंमत वाटली असेल.

राजीनामा दे. अक्षरं मात्र वेळेत यायला हवीत, मी अधूनमधून तपासायला येणार. पोरांच्या मागे रांगेत उभा राहीन.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा बाप,
श्रीपत