आजोळाचा पत्ता

दि. १२ जून २००६

चि. प्रफुल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. बाबांचा खोकला उतरला. शाळेत कंप्युटर आला, पण मी शाळेत असते तेव्हा वीज नसते आणि वीज येते तेव्हा मी घरी. सिरोंच्याकडून तुझ्यासाठी एक स्थळ आलं आहे. मुलगी रागावली की तेलुगूत बोलते म्हणे, म्हणजे निदान शिव्या तरी तुला कळणार नाहीत.

बायनाआत्या हल्ली नदीवर जात नाही. फोनवर मी तिचे गुडघे दुखतात असं सांगितलं होतं. गुडघे ठणठणीत आहेत. आपल्या ढिवर समाजाने तिचं जाळं काढून घेतलं आहे.

तुला यातलं किती ठाऊक आहे मला कळत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. दिवाळीत तू टेपरेकॉर्डर घेऊन आलास. तुझ्या पुण्याच्या संस्थेला गावोगावचे धडे इंटरनेटवर ठेवायचे होते. ओसरीत बसून तू मला समजावलंस, "ताई, मशीनले धडा समजत नाई. आपन धड्याले चिठ्ठी लावतो. विषय कोनता, वर्ग कोनता, जागा कुठची, सांगनारा कोन. मंग ह्या चिठ्ठीतली गोष्ट त्या चिठ्ठीतल्या गोष्टीशी जोडतो. जोडलं का मशीन सोताच उत्तर काढते." मला केवढा अभिमान वाटला. गावातल्या बायाबापड्यांना मीच हाताला धरून टेपसमोर बसवलं.

मी चौथीसाठी नदीतल्या डोहांचा धडा केला, नकाशासकट. त्यात झरीचा डोह होता, इतर डोहांसारखाच. आत्याने माशांच्या आजोळाची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात नदी आटली की मोठा मासा, अंड्यावरच्या माद्या, एका खोल डोहात जाऊन राहतात. होळीपासून पाणी पडेपर्यंत तिथे कोणी जाळं टाकत नाही. "बाळंतपनाले माहेरी आलेल्या पोरीले कोनी हात लावते का?" असं ती म्हणाली. डोह कुठला ते मात्र बोलली नाही. परक्यासमोर आपण बोलतच नाही. आजोळ हे आपल्या ढिवरांच्या घरातलं नाव, झरीचा डोह हे सरकारी. दोन्ही एकच, हे आपल्या मोहल्ल्याबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

मे महिन्यात ठेकेदाराची माणसं थेट झरीवर उतरली. नदीच्या या पट्ट्यातल्या मासेमारीचा ठेका त्याच्याकडे आहे, कागदोपत्री त्याचं काही चुकलं नाही. आजवर ठेकेदार आले नि गेले, झरीकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. याने डोह खरवडून काढला. मिनीडोअर टेम्पो भरून मासा चंद्रपूर-घुग्घुसच्या बाजारात गेला. काठावर माद्या चिरल्या होत्या, त्यांची अंडी वाळूत पडली होती. ती मी पाहिली.

समाज बसला. आजोळाची गोष्ट टेपवर सांगितली ती बायनाबाईने, मग जागाही तिनेच सांगितली असणार, असं सगळ्यांचं म्हणणं. पंचांपैकी मुखरूभाऊंनी विचारलं, "बाई, ठेकेदाराले कोनं सांगतलं?" ती म्हणाली, "म्या नाई." कोणी मानलं नाही. प्रफुल, आई गेल्यावर त्या जाळ्याने आपल्या दोघांना जगवलं. तेच जाळं ते उचलून घेऊन गेले.

पुढे एक दिवस ठेकेदाराचा मुनीम शाळेत पाणी प्यायला आला आणि हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाची मशीन लय हुशार हाय." त्याच्याकडून कळलं. एप्रिलमध्ये चंद्रपूरला तुम्ही पाहुण्यांना मशीन दाखवली. तू मशीनला विचारलंस, उन्हाळ्यात मोठा मासा कुठे असतो? मशीनने नकाशावर झरीचा डोह दाखवला. कुठल्याच धड्यात नसलेलं उत्तर काढलं म्हणून टाळ्या पडल्या. पाहुण्यांत ठेकेदार होता.

तरी मी मशीनलाच दोष देत अहेरीला गेले आणि सायबर कॅफेत तुमच्या संस्थेचं ते पान उघडलं. तिथे एक ओळ आहे: आजोळ आणि झरीचा डोह एकच. खाली जोडणाऱ्याचं नाव, तुझं. ती ओळ पुण्याच्या कोणाला लिहिता आली नसती. ती लिहायला आपल्याच घरात जन्माला यावं लागतं. मी बस पकडून परत आले.

नकळत झालं असतं तर मी तुला पाठीशी घातलं असतं. पण तुला सगळं माहीत होतं आणि तुला टाळ्या हव्या होत्या. मला तुझी किळस आली, हे तुला कळायला हवं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मी आत्याला ती ओळ सांगितली. वाटलं, आता तरी ती सुटेल. ती चुलीपुढे बसून ऐकत राहिली आणि म्हणाली, "कोनाले सांगू नोको. माह्यं नाव तं लागलंच हाय, पोराचं काऊन लावतं? त्याले गावात येनं-जानं रायते." तुझं पाप ती आपल्या अंगावर घेऊन बसली आहे आणि तू पगार घेतो आहेस.

पंचवीस तारखेला, रविवारी, पुन्हा बैठक आहे. आत्याला नदी कायमची बंद करायची की नाही, ते त्या दिवशी ठरेल. तू ये. सगळ्यांच्या मधे उभा राहा आणि सांग, "आत्याने नाही, मी सांगितलं." ती तर गप्पच राहील, पण मी राहणार नाही. तू आला नाहीस तर तुझं नाव मी घेईन. त्यासाठी आत्या मला जन्मभर माफ करणार नाही, हे माहीत असूनही घेईन.

रविवारपर्यंत तुझीच ताई,
भाग्यश्री